अनवाणी दस्तूर

केकताडाची पानं डबक्यात कुजायला घातली की साऱ्या मांगवाड्याला तोच एक वास. अंगाला, भाकरीला, लेकराच्या टाळूलासुद्धा. अंजना लग्न होऊन हिवरडीत आली तेव्हा पहिले काही दिवस तिला ओकाऱ्याच होत होत्या, आणि शेजारची कडूबाई डोळे मिचकावून म्हणाली होती, "आगं बया, आल्या आल्याच दिस गेले का काय?" आता तिला तो वास जाणवतही नव्हता. जाणवला तर उलट बरं वाटे. पानं कुजली की त्यांतला धागा, वाख, निघायचा, वाखाचा मोटेसाठी जाड नाडा व्हायचा आणि नाडा दिला की सुगीला खळ्यावरची जवारी घरात यायची.

यंदा मघांनंतर पावसानं तोंड फिरवलं होतं. विहिरींना पाणी होतं, पण रानात ओल नव्हती. दिवाळी सरली तशी जो तो मोटा जुंपायच्या घाईला लागला. आसाराम पाटलाचा सांगावा आला, "आमच्या थोरल्या मोटंचा नाडा उकललाय. ऐतवारच्या आत नवा पायजे. गहू जळाया लागलाय."

घरात माणसं चार. सासरा म्हाळू, नवरा सुग्रीव, अंजना आणि कडेवरची साखरा. म्हाळू डबक्यातली पानं काढून दगडावर धोपटायचा, सुग्रीव नदीवर नेऊन धुवायचा, आणि अंजना वाख उन्हात वाळत घालून बोटांनी विंचरायची. केकताडाचा रस लागून कोपरापर्यंत हात खाजत. खाजवले तर फोड येत, म्हणून ती हात मांड्यांखाली दाबून बसे.

घरात अंगापुरतं होतं ते सगळं असंच कष्टानं आलेलं. पण एक गोष्ट मात्र भांडून मिळवलेली होती, आणि तिच्यासाठी म्हाळूनं मार खाल्ला होता. ती म्हणजे पायातल्या वहाणा.

संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात मिशनच्या खिचडीवर म्हाळूचं घर तगलं आणि मग घरानं बाप्तिस्मा घेतला. अंजनाचे आईबाप त्याच साली वाटेत मेले. ती मिशनच्या बोर्डिंगात वाढली, तिथंच चार अक्षरं शिकली. बाप्तिस्म्यानंतर म्हाळूनं चौसाळ्याच्या चांभाराकडून करकरीत वहाणा करून आणल्या आणि गावच्या वेशीतून त्या घालून तो आत गेला. त्याआधी मांगानं वेशीजवळ आलं की पायतण काढून डोक्यावर घ्यायचं, ही रीत. लोकांनी त्याला त्याच वहाणांनी बडवला. प्रकरण तहसीलदारापर्यंत गेलं. तो घोड्यावरून आला, पारावर बसला, दोन्हीकडचं ऐकलं आणि बोलला ते गावानं पाठ करून ठेवलं, "ह्यांच्या मजहबचा दस्तूर असेल तर घालू द्या. नसेल तर गावचा दस्तूर चालेल." मिशनचे साहेब बूट घालून देवळात जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा वहाणा घालणं हा दस्तूर ठरला. म्हाळू तेव्हापासून वेशीतून जाताना मुद्दाम जरा पाय घासून चाले. आवाज व्हावा म्हणून.

घालण्याजोग्या वहाणा दोनच जोड; म्हाळूचा पहिला जोड फाटून आढ्याशी पडून होता. एक म्हाळूचा, एक सुग्रीवचा. अंजनाला नव्हत्या. बायकांच्या पायांचा विचार त्या भांडणात कुणाच्या डोक्यातच आला नव्हता, तिच्याही नाही.

बुधवारी ती गावापलीकडच्या रानातलं जळण घेऊन वेशीतून बाहेर पडत होती. डोक्यावर मोळी, पोटाशी झोळीत साखरा. समोरून एक माणूस येताना दिसला. अंगावर भगवं नाही, पांढरंही नाही, मातकट रंगाचं एक धोतर आणि खांद्यावर घोंगडी. पाय उघडे. टाचांच्या भेगांतून रक्त येऊन वाळलेलं. नाक सरळ, रंग गोरा. पारावर बसलेले आसाराम पाटील अर्धे उठलेच.

"कुठले महाराज? या, टेका."

"महाराज नाही. प्रभू येशूचा दास आहे मी. त्रिंबक म्हणतात. नगराकडून आलो. मांगवाड्यात जायचंय."

पाटील उठले होते तेवढेच परत खाली बसले. पाटलाचा गडी आश्रुबा खुसकन हसला.

"किरिस्ताव हाव म्हना की," पाटील म्हणाले. "मग बूट कुटंयत? तुमच्या लोकांला तर बुटाबिगर धरम पुरा होत न्हाई."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की अंजनाला बोर्डिंगातल्या जुन्या बाई आठवल्या. चांगलं हसू होतं ते. "पाटील, प्रभूनं आपल्या शिष्यांना गावोगाव धाडलं तेव्हा बजावून सांगितलं होतं. झोळी नको, पैसा नको, पायांत वहाणासुद्धा नकोत. आम्ही लोक विसरलो. मी त्या विसरलेल्या वाटेनं चाललोय."

"म्हंजी तुमच्या धरमाचा खरा दस्तूर अनवाणी ऱ्हायाचा?"

"खरा तोच."

"आसं," पाटील म्हणाले, आणि त्यांनी पानाचा देठ खुडला. "आश्रुबा, ऐकलं ना बे?"

"ऐकलं जी. चांगलं ऐकलं."

त्या दोघांनी काय ऐकलं ते अंजनाला त्या घटकेला कळलं नाही. तिनं मोळी सावरली आणि पाव्हण्याला वाट दाखवायला ती पुढं झाली.

त्रिंबकराव जन्मानं ब्राह्मण. तरुणपणी ख्रिस्ती झालेले, मिशनच्या हायस्कुलाचे हेडमास्तर. बायको वारली, लेकरू नव्हतं. एके दिवशी त्यांनी बंगल्याची किल्ली साहेबाच्या टेबलावर ठेवली, कोट-बूट वाटून टाकले आणि बाहेर पडले. ही हकीगत त्यांनी फुशारकीनं सांगितली नाही. म्हाळूनं खोदून खोदून विचारलं तेव्हा थोडी थोडी सांगितली. "गरिबांना शुभवर्तमान सांगायचं आणि आपण तक्क्याला टेकून बसायचं, याची मला लाज वाटायला लागली, म्हाळूबाबा. तुमच्यात राहीन म्हटलं. तुम्ही खाल ते खाईन."

"आमी काय खातो," म्हाळू संकोचून म्हणाला.

त्रिंबकरावांनी घरात नजर फिरवली. एक चूल, दोन गाडगी, जातं, कोपऱ्यात वाखाचा ढीग. "किती मोकळं घर आहे," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले. "आडवं यायला काही नाहीच. प्रभू अशाच घरात शिरतो."

अंजनानं हात मागं घेऊन चुलीवरच्या कोनाड्यातला तळहाताएवढा आरसा पदराखाली सरकवला. मागल्या जत्रेत सुग्रीवनं आणलेला. मग तिला त्या लपवण्याचीही लाज वाटली. आरसा तो केवढा, त्याला बिलोरी म्हणावं तर एका कडेला पारा उडालेला. पण पाव्हण्यानं घराला मोकळं म्हटलं होतं आणि आरसा त्याला खोटं पाडत होता.

संध्याकाळी ती कडूबाईकडून शेरभर पीठ मागून आणून भाकरी टाकायला बसली. त्रिंबकरावांनी चतकोर घेतली, मीठ मागितलं, बाकीची परत सारली. "उद्या माझा उपास. माझ्यासाठी काही करू नका."

"उपास करतेत म्हंजी आमी बी उपाशी," कडूबाई दुसऱ्या दिवशी कुजबुजली. "पाव्हना उपाशी बसला आन घरच्यांनी खाल्लं तर भाकर गळ्याखाली कशी उतरावी? त्याला दिसतंय का न्हाई ते?"

त्याला दिसत नव्हतं. म्हाळू जेवला नाही, सुग्रीव दुपारपर्यंत जेवला नाही. मग अंजनानं त्याला भिंतीआड नेऊन शिळी भाकर दिली. दोघं भिंतीला पाठ लावून, चोरी केल्यासारखी, चावायचा आवाज होऊ न देता खात होते. साखरेला भरवताना ती हसली तर तिच्या तोंडावर अंजनानं हात ठेवला. आपल्या घरात आपल्या लेकराच्या तोंडावर.

तरी माणूस वाईट नव्हता, हे तिला रोज कळत होतं. साखरेला ढास लागली होती तर त्यांनी आपली घोंगडी तिच्यावर घातली आणि स्वतः पोत्यावर निजले. सकाळी अंग आखडून उठले, पण तोंड प्रसन्न. त्या प्रसन्नपणाचाच तिला राग यायचा, आणि राग आला की लाज वाटायची.

त्याच दिवशी, गुरुवारी, म्हाळू मिठाला गावात गेला आणि लवकर परतला. अंजना वाख विंचरत होती. तिनं मान वर केली. म्हाळूच्या डोक्यावर वहाणा होत्या. मुंडाशावर उपड्या ठेवलेल्या, दोन्ही हातांनी धरलेल्या, जशा तो तिच्या लग्नाच्या कितीतरी आधी नेत असेल. वेशीपासून घरापर्यंत त्या डोक्यावर आणायची गरज नव्हती. वेस ओलांडल्यावर पायांत घालता आल्या असत्या. त्यानं घातल्या नव्हत्या.

"मामा?"

"पानी दे."

तो पाणी प्याला. वहाणा खुंटीला अडकवल्या. "आश्रुबा म्हनला, काढ. मी म्हनलं, कावून? तर म्हनला, तुमचा गुरूच सांगून गेलाय, तुमचा दस्तूर अनवाणी हाय. तहसीलदाराचा हुकूम काय व्हता? दस्तूर असंल तर. आता न्हाई तर काढ." त्यानं मुंडाशानं तोंड पुसलं. "खोटं न्हाई बोलला त्यो. हुकूम तसाच व्हता."

"मग बुवांला सांगा की."

"येडी का काय! देवमानूस आपल्या दारात उपाशी बसलाय, त्याला सांगू, तुमच्यामुळं माझ्या वहाना गेल्या? ऐकलं तर काय वाटंल त्याला? सांगू नगंस. सुग्र्याला बी सांगू नगंस."

पण सुग्रीवला गावानंच सांगितलं. संध्याकाळी तो नदीवरून आला तो ओला वाख अंगणात आपटूनच. "मी काढनार न्हाई. नाडा घेऊन मीच जातो ऐतवारी. बघतो कोन काढतो माझ्या पायातलं."

"आवं, हळू. बुवा आत हायेत."

"आसू दे की! त्यांनाच पुसतो."

म्हाळूनं त्याचं मनगट धरलं. सुग्रीवनं हिसडा मारला नाही, पण दोन दिवस तो बापाशी बोलला नाही.

शुक्रवारी-शनिवारी नाडा वळायचं काम चाललं. लिंबाच्या बुंध्याला एक टोक, दुसरं लांब म्हाळूच्या हातातल्या दांडक्याला. सुग्रीव पेड सोडत मागं मागं जाई, अंजना मधे ओल्या फडक्यानं पीळ पुसत. त्रिंबकरावांनी धोतर खोचून दांडकं फिरवायला घेतलं. दुपारपर्यंत त्यांचे तळवे सोलपटले, रसानं मनगटं सुजली. ते खूश होते. लहान पोरासारखे हात सगळ्यांना दाखवत होते.

"आज पहिल्यांदा भाकरी कमावली बघा."

"लई झ्याक," सुग्रीव पेडावरनं नजर न काढता म्हणाला. "हात बरं झाल्यावर मग काय करनार?"

"पुन्हा वळीन."

"कटाळा आला तर? बंगला हाय की."

"बंगला सोडलाय मी, सुग्रीव."

"सोडलाय म्हंजी व्हता," सुग्रीव म्हणाला. "ज्याला व्हता त्यालाच सोडता येतो. आमी काय सोडावं, ह्यो दोर?"

म्हाळूनं खोटंच खाकरून दोराला हिसका दिला. त्रिंबकराव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पीळ द्यायला लागले. अंजनाचं मन मात्र धाकधूक करत होतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. नाडा पूर्ण होत आला होता. तो जितका लांबत होता तितका ऐतवार जवळ येत होता. सुग्रीव वेशीतून जाणार, आश्रुबा आडवा येणार, मागून पाटलाचे चार गडी. पारावर दगडाची काय वाण? तिला सुग्रीवचं डोकं दिसे, फुटलेलं. सुग्रीव अंथरुणाला खिळला तर यंदा पाटलाचं खळं बंद, त्याच्या मागोमाग साऱ्या गावाचं. साखरेला काय घालायचं? तिनं दुष्काळात आईला वाटेवर बसलेली पाहिली होती. बसली ती उठलीच नव्हती.

ऐतवारी पहाटेच्या उजेडात ती उठली. सुग्रीवच्या वहाणा उंबऱ्याशी होत्या, त्यानं शनिवारी तेल पाजून ठेवलेल्या. तिनं त्या उचलल्या, डबक्यापाशी गेली आणि कुजलेल्या पानांच्या बुळबुळीत थराखाली हात कोपरापर्यंत घालून दाबल्या. वर दगड ठेवला. मागं वळली तर लिंबाखाली त्रिंबकराव प्रार्थनेला गुडघे टेकून बसलेले. डोळे उघडे होते त्यांचे. मान हलवून त्यांनी डोळे मिटले.

सुग्रीवनं घर पालथं घातलं. "कुत्र्यानं न्हेल्या का? कडूबाई, तुझं कुत्रं कुठंय?"

"माझ्या कुत्र्यावर आळ घेतोस व्हय रं? त्येला भाकर चावंना, चामडं काय चावंल!"

"न्हाई तर न्हाई," म्हाळू म्हणाला. "आज तसाच जा."

सुग्रीव उकिरड्यावर बसला, गुडघ्यांत डोकं घालून. अंजना चुलीपाशी जाळ फुंकत होती. धूर डोळ्यांत गेला म्हणून बरं झालं.

मग लिंबाखाली प्रार्थना झाली. चार घरची माणसं जमली होती. त्रिंबकराव बोलायला उभे राहिले. सुजलेल्या हातांनी घोंगडी धरलेली. "आज पहाटे मी एक गोष्ट पाहिली. नाव घेणार नव्हतो, पण घेतो, कारण अशा गोष्टी झाकून ठेवायच्या नसतात. अंजनाबाईनं आपल्या घरातल्या वहाणा स्वतःच्या हातानं टाकून दिल्या. मी तिला काही शिकवलं नव्हतं. मी तीस वर्षं पुस्तकं वाचून जिथं पोचलो तिथं ही बाई न सांगता पोचली. या गावात मी द्यायला आलो होतो. मलाच..."

सगळ्यांच्या माना अंजनाकडं वळल्या. सुग्रीवची सगळ्यांच्या शेवटी, सावकाश.

अंजनाचे कान तापले. तिला वाटलं, गप्प बसावं. गप्प बसलं की ती साध्वी. कडूबाई तिच्याकडं तोंड वासून बघत होती, म्हाळूच्या चेहऱ्यावर समजल्यासारखं काहीतरी आलं होतं. गप्प बसलं तर सुग्रीव आयुष्यभर याच नजरेनं बघेल. साखरा मांडीवर चुळबुळली.

"म्या देवासाठी न्हाई टाकल्या," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "म्या भ्याले. ह्यांना मारतेल म्हनून लपवल्या. माझं कौतिक करू नगा बुवा, मला मेल्यावानी व्हतंय."

"कोण मारतील?"

म्हाळू नजर चुकवून बिडी चाचपू लागला.

"कोण मारतील? म्हाळूबाबा?"

"काई न्हाई वो बुवा, गावचं आपलं..."

"सांग की आता!" सुग्रीव उठला. "का मीच सांगू? पारावर तुमी काय बोल्ले? खरा दस्तूर अनवाणी, आसंच ना? आवं, त्या एका लबजावर, दस्तूर ह्या शब्दावर, आमच्या पायात वहाना हायेत! बानं मार खाऊन त्यो लबज मिळवलाय. तुमी नगराकडून आले आन वेशीत पाय ठेवायच्या आत देऊन टाकला. गुरुवारी म्हातारा डोक्यावर वहाना घेऊन आला घरी. तुमी आतमंदी उपास करत व्हते."

त्रिंबकराव उभेच होते. एकदा त्यांनी उघड्या दारातून आतल्या खुंटीकडं पाहिलं. म्हाळूच्या वहाणा तिथं गुरुवारपासून लटकत होत्या, त्यांच्या डोक्यावर, ते निजत होते त्याच भिंतीला.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमी उपाशी बसलेले," कडूबाई म्हणाली. "उपाशी मानसाला काय सांगावं?"

अंजनानं मान खाली घातली. मोठ्या माणसाचा चेहरा असा सगळ्यांदेखत उतरताना बघू नये, एवढं तिला कळत होतं. ती मग नुसते त्रिंबकरावांचे पाय बघत राहिली. ते पाय वळले. डबक्याकडं गेले. पाण्यात उतरले. त्रिंबकरावांनी कोपरं बुडवून दगड सारला, घाण पानं बाजूला केली आणि सुग्रीवच्या वहाणा वर काढल्या. हिरवट, फुगलेल्या, घाण मारणाऱ्या. त्या त्यांनी नदीचं पाणी ओतून धुतल्या आणि सुग्रीवपुढं ठेवल्या. मग आत जाऊन खुंटीवरचा जोड काढला.

"बाबा, ह्या मला घालू द्याल?"

"बुवा, तुमचा नेम मोडंल."

"मोडू द्या."

"देवाला वचन दिल्यालं तुमी..."

"मी देवाला दिलं आणि फेडायला तुम्हाला लावलं," ते म्हणाले, आणि खाली बसून पाय आत घालू लागले. म्हाळू अंगानं लहान. त्रिंबकरावांची टाच बोटभर बाहेर राहिली. मागचा पट्टा टाचेखाली येऊन भेगांवर नेमका बसला. ते उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा झाला होता.

वेशीकडं निघाले ते असे. पुढं त्रिंबकराव, लंगडत. मागं सुग्रीव, खांद्यावर नाड्याचं वेटोळं, पायांत ओल्या वहाणा पचपच वाजत. त्याच्यामागं म्हाळू अनवाणी. शेवटी अंजना, डोक्यावर मोटेच्या सोंडेला लागणारी सोलाची बारकी दोरी, कडेवर साखरा. कडूबाई म्हणाली होती, पोर ठेवून जा. अंजनाला वाटलं, लेकरू असलं तर कदाचित हात आवरतील.

पारावर आसाराम पाटील, दहाबारा माणसं. पलीकडं आडावर बायका. आश्रुबा काठी घेऊन पुढं झाला, मग त्याचं लक्ष त्रिंबकरावांच्या पायांकडं गेलं आणि त्याला बोलायचं सुचेना.

"काय बुवा," पाटील म्हणाले. "देवानं परवानगी धाडली का?"

"पाटील, मी बुधवारी तुमच्यापुढं चुकीचं बोललो. अनवाणी राहणं हा आमच्या धर्माचा दस्तूर नाही. या लोकांनी वहाणा घालायला काही आडकाठी नाही."

"मग ते काय व्हतं?"

त्रिंबकराव थांबले. अंजनाला मागून त्यांची मान दिसत होती, मानेवरच्या शिरा. काहीतरी मोठा शब्द त्यांना सापडेल असं तिला वाटलं. त्यांच्यापाशी मोठे शब्द खूप होते.

"ती माझी हौस होती," ते म्हणाले.

पारावर पाटीलच आधी हसले, आणि मग सगळे. "हौस! ऐकलं का रे? रगात येईस्तोवर चालायची हौस! उपाशी मरायची हौस!" आडावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. भामाबाई म्हणून एक म्हातारी होती, बुधवारी तिनं वाटेत त्यांच्या पाया पडून धूळ कपाळाला लावली होती. ती पुढं येऊन हात नाचवत म्हणाली, "मुडद्या, माझा नमस्कार वापस दे! म्या बैरागी म्हनून पडले व्हते पाया!"

"द्या की बुवा वापस," आश्रुबा ओरडला. हशा वाढला.

"मग तुमचा बैरागीपना खोटा म्हनायचा?" पाटलांनी डोळे पुसत विचारलं.

"खोटा म्हणा."

"मी कावून म्हनू? तुमी म्हना. मोठ्यानं, तिकडं आडापर्यंत जाऊ द्या."

सुग्रीव पुढं सरकला. त्रिंबकरावांनी मागं हात करून त्याला अडवलं. सुजलेला, फोड आलेला हात. मग ते आडाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "माझा बैरागीपणा खोटा होता. धर्माचा दस्तूर नव्हता. माझी हौस होती." हायस्कुलाच्या आवारात पोरांची रांग लावणारा आवाज तो, लांबपर्यंत गेला.

लोक इतके हसले की कुत्री भुंकायला लागली. साखरेलाही काय वाटलं कोण जाणे, तीही टाळ्या पिटत खिदळली. अंजनानं तिचा हात धरला. पण धरायच्या आधी एक क्षण गेला होता, आणि त्या क्षणी तिला स्वतःलाच आत कुठंतरी बरं वाटलं होतं. सुग्रीवचं डोकं शाबूत होतं. सगळ्यांच्या नजरा दुसऱ्यावर होत्या. दुसऱ्याची अब्रू जात होती. ते बरं वाटणं तिला समजलं तशी ती डोक्यावरच्या दोरीसकट खाली वाकली, पायात रुतलेला खडा काढायचं निमित्त करून.

पाटलांचं हसून झालं. त्यांनी सूर्याकडं पाहिलं. बैल मोटेवर खोळंबले होते. "हं, आन बे नाडा. थोबाड काय बघतोस?"

सुग्रीव वेशीतून आत गेला. पच, पच, पच. पायांबद्दल कुणी काही बोललं नाही. आश्रुबाची काठी तशीच खाली होती. विहिरीवर जाऊन सुग्रीवनं नाडा चाकावर चढवला, ताण देऊन बघितला, आणि परत आला तोही वहाणा घालूनच. वेस ओलांडली तरी कुणी एकमेकांकडं पाहिलं नाही. जिंकून आलेल्या माणसांसारखं कुणीच चालत नव्हतं.

घरी त्रिंबकराव ओट्यावर बसले. टाचेखाली पट्टा रुतून मांस दिसत होतं. अंजनानं पाणी कोमट केलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी पाय मागं घेतले.

"तू नको. मला लाज वाटते, बाई."

तिला म्हणायचं होतं, मला बी वाटती. ते म्हणण्याइतकंही धाडस तिला झालं नाही. ती भांडं तिथंच ठेवून आत गेली आणि जवारीचं पीठ मळायला बसली. आज पाच जणांचं. त्यांनी उपास धरला असेल की नाही, हे तिनं विचारलं नाही. भाकरी टाकली आणि थाळी नेऊन पुढं ठेवली. त्रिंबकरावांनी सबंध भाकरी खाल्ली. दुसरी मागितली तेव्हा म्हाळूनं पहिल्यांदा घास तोंडात घातला.

जेवण झाल्यावर त्यांनी वहाणा म्हाळूपुढं सारल्या. "घ्या बाबा. तुमचा जोड."

म्हाळूनं बिडी विझवली. "उद्या चौसाळ्याचा बाजार हाय. वाट वेशीतूनच हाय. मी माझा जुना फाटका जोड शिवून घालतो. ह्या तुमीच घाला."

"एकदा सांगितलंय मी त्यांना. पुन्हा कशाला?"

"एकदा घातल्या तर सोंग म्हनतेल," म्हाळू म्हणाला. "रोज घालाव्या लागतेल बुवा. दस्तूर तसाच व्हतो."

त्रिंबकराव वहाणांकडं बराच वेळ बघत राहिले. बंगला, कोट, पगार टाकताना त्यांचा चेहरा कसा झाला असेल ते अंजनानं पाहिलं नव्हतं. आत्ताचा पाहिला.

सकाळी ते टाचेला चिंधी बांधून तयार होते. तिघं निघाले, अंजना साखरेला घेऊन वळणापर्यंत गेली. ऊन अजून कोवळं होतं. पारावर आश्रुबा दात घासत बसला होता. त्यानं राखुंडी थुंकली आणि लांबूनच हाळी दिली, "ए हौशीबुवा! आज बी हौस का?"

आडावरच्या बायका थांबल्या. त्रिंबकराव चालता चालता थांबले. अंजनाला वाटलं, आता हे मागं फिरतील, नगराची वाट धरतील, आणि धरली तर त्यांना कुणी बोल लावू नये.

"ओ," त्यांनी हाकेला उत्तर दिलं, आणि पाय घासत वेशीत शिरले.